आयटीच्या डिग्रीत पर्यावरण आणि ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा, निवडीचा विषय) कशाला? तेवढ्या वेळात कोडिंग का शिकू नये? असं तुम्ही विचारलंय.

हेच माझा इंजिनिअर दादा मला वर्षानुवर्षं ऐकवत आलाय, म्हणून लिहितेय.

मी ठाण्यात बी.कॉम. केलं. तेव्हा फाउंडेशन कोर्स नावाचा सामान्य ज्ञानाचा सक्तीचा विषय असायचा. दादाच्या मते पासिंगपुरता विषय. दुसऱ्या वर्षी त्यात माहितीचा अधिकार होता. सरांनी वर्गात प्रत्येकाकडून अर्ज लिहून घेतला आणि अर्ध्या वर्गाचे परत केले. "का, कशासाठी विचारू नका, कागद मागा. 2005 च्या कायद्याने दप्तरी असेल ते मिळतं, खुलासा मिळत नाही."

पुढे कळव्यात आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं, अडकलं. सोसायटी नोंदली की 4 महिन्यांत बिल्डरने ते करून द्यावं असं मोफा हा महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा सांगतो; आमचा बिल्डर फोनच उचलेना. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने टाळलं तरी सरकारी आदेशाने कन्व्हेयन्स मिळवण्याची, तरतूद 2008 पासून आहे, पण आमच्या प्रस्तावाला मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) जोडायचं होतं. आमच्याकडे दोन्ही नाहीत. कमिटी एजंट शोधायला निघाली, दादा सगळ्यात पुढे. मी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला: अमुक सर्व्हे नंबरवरील इमारतीच्या मंजूर नकाशाची व भोगवटा प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत मिळावी. एवढंच. 30 दिवसांच्या मुदतीत दोन्ही हातात आलं आणि उपनिबंधकांकडच्या प्रस्तावाला जोडलं गेलं.

दादा म्हणतो, हे गूगलवरही सापडलं असतं. सापडलं असतं हो, पण त्या मीटिंगमध्ये इंजिनिअर होते, सीए होते, शोधायचं कुणाला सुचलं?

पर्यावरणाचा पेपर कॉलेजने स्वतःच्या मनाने लादलेला नाही. 1991 साली एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. तुम्ही ऐरोलीचे आहात असं लिहिलंय. तुमच्या शेजारची ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे भराव पडायला लागला तर कुठे दाद मागायची, हे ऐरोलीकरांनाच माहीत नसेल तर कोण मागणार?

नोट्स डिक्टेट करून तास उरकणारे असतील, तर मात्र तुमचा वैताग रास्त आहे. म्हणून इलेक्टिव्ह घेताना विषयाच्या नावावर जाऊ नका, कोण शिकवतं ते सीनियर्सना विचारा. कोडिंगही शिकाच, नोकरी त्यावरच मिळणार.

दादा अजून मानत नाही. त्याच्या मुलीने यंदा ॲडमिशन घेतलीय. तिला मी राज्यशास्त्राचं इलेक्टिव्ह घ्यायला लावलंय, त्याला न विचारता.