सेकंड हँड लॅपटॉप आणि त्यात लिनक्स: पोरीचं नुकसान होईल का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मुलगी बारावी सायन्स झाली, यवतमाळला बीसीएला नंबर लागला. नवा लॅपटॉप घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून अमरावतीहून वापरलेला थिंकपॅड आणला. घरी चालू केला तर त्यात विंडोज नाही, लिनक्स मिंट म्हणून काहीतरी आहे. गावातला ऑनलाइन फॉर्म भरणारा पोरगा म्हणाला, 'काका, फसले तुम्ही. सातशे रुपये द्या, विंडोज टाकून देतो.' पोरगी म्हणते, थांबा. आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला यातलं समजत नाही. पैसे पाण्यात गेले का? तिचं शिक्षणात नुकसान तर होणार नाही ना?"

भाऊ,

पैसे पाण्यात गेले नाहीत. सातशे रुपये देऊ नका. लेक बरोबर सांगते आहे, तिचं ऐका.

लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी सिस्टिम आहे, आणि मिंट हा तिचा एक प्रकार. दुकानदारानं ती का टाकली असेल, ते आधी सांगतो. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. विंडोज 11 ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं. मोठ्या कंपन्या असे जुने लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात आणि ते अमरावती-नागपूरच्या दुकानांत येतात. मशीन चांगलं असतं, पण नव्या विंडोजच्या अटीत बसत नाही. अशा मशीनवर लिनक्स मिंट नीट चालतं, फुकट आहे आणि त्याची अपडेट येत राहतात. दुकानदारानं खोट्या परवान्याचं विंडोज टाकलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

सातशे रुपयांत मिळणाऱ्या विंडोजला परवाना नसतो. ते चालू करायला 'अॅक्टिव्हेटर' नावाचं काहीतरी टाकतात आणि ते टाकण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला लावतात. याच लॅपटॉपवरून तुमची लेक महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणार आहे, त्यात आधार आणि बँक खातं टाकणार आहे. तिथं असली चोरवाट कशाला ठेवायची?

काळजी करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करा. वापरलेल्या मशीनमध्ये खोट असते ती आतल्या सामानात. दुकानदारानं टेस्टिंग वॉरंटीचे काही दिवस दिले असतील तर ते संपायच्या आत हे तपासून घ्या.

पहिली गोष्ट बिल. बिलावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहिलेला हवा आणि तो मशीनच्या पाठीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. नंबर नसेल तर दुकानदाराकडून लिहून घ्या. उद्या मशीन चोरीचं निघालं तर हाच कागद तुमच्या बाजूनं बोलेल. दुसरी गोष्ट बायोसचा, म्हणजे सिस्टिम चालू होण्याआधीच्या मशीनच्या मूळ सेटिंगचा पासवर्ड. चालू करताना थिंकपॅडचं नाव दिसलं की एंटर आणि मग एफ1 दाबायचं. आतली सेटिंग उघडण्याआधी पासवर्ड मागितला, तर आधीच्या कंपनीनं लावलेलं कुलूप अजून आहे. ते काढणं सोपं नसतं, म्हणून दुकानदाराकडूनच काढून घ्या, नाहीतर मशीन बदलून मागा. तिसरी गोष्ट डिस्क. मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचं अॅप आहे, त्यात स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघता येतो. तिथं बिघाडाची सूचना असेल तर डिस्क बदलून घ्या. आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पुढेमागे पैसे आल्यावर पहिला खर्च एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर करा. जुन्या मशीनचा वेग त्यानं जितका वाढतो तितका दुसऱ्या कशानं वाढत नाही.

बॅटरी उतरलेली निघणारच, त्याचं फार मनावर घेऊ नका. लाइन गेल्यावर तासभर चालली तरी सध्या भागतं.

आता बेटा, हे तुझ्यासाठी.

तू थांबा म्हणालीस, मला फार बरं वाटलं. बीसीएला तुला सी शिकवतील, पायथन शिकवतील, डेटाबेस शिकवतील. पायथन तुझ्या मिंटमध्ये आधीपासून आहे, सी चा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजेल असा करून देणारं सॉफ्टवेअर) एका आज्ञेत टाकता येतो. जगातले सगळ्यात वेगवान 500 सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर 2017 पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. बाबांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे. सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत जे रोज हाताळावं लागतं, ते तुझ्याकडे पहिल्या वर्षापासून घरात आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर गेली अनेक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकताहेत.

सुरुवातीचे काही दिवस गोंधळ होईल. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह दिसणार नाहीत. तुझं सगळं 'होम' नावाच्या फोल्डरमध्ये असेल. फाइलच्या नावात इंग्रजीचं मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. अनेक मुलं इथंच घाबरतात आणि कीबोर्ड बिघडला समजतात. तू टाइप करून एंटर दाब.

पासवर्डवरून आठवलं. दुकानदारानं जो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला असेल तो आधी बदल.

सॉफ्टवेअर हवं असेल तर कुठल्याही वेबसाइटवरून ईएक्सई फाइल उतरवू नकोस, ती तशीही चालणार नाही. 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघड आणि तिथून घे. वायफाय लागत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलनं जोड, यूएसबी टेदरिंग (केबलमधून मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू कर आणि मग 'ड्रायव्हर मॅनेजर'मध्ये वायफायचा ड्रायव्हर दिसतो का बघ. पहिलं अपडेट मोठं असतं, दिवसाचा दीड जीबी डेटा त्यात संपू शकतो. रात्री उरलेल्या डेटावर ते कर.

सगळ्यात आधी मात्र 'टाइमशिफ्ट' चालू कर. ते मिंटसोबतच येतं. सिस्टिम ज्या अवस्थेत आहे तिची नोंद ते ठेवतं आणि काही बिघडलं तर तिथं परत जाता येतं. तुझ्या वह्या-फाइली ते सांभाळत नाही, त्या पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेव. बाबांना सांग, सातशे रुपये वाचले त्यातून दोन पेनड्राइव्ह घ्या. एकावर तुझा अभ्यास, दुसऱ्यावर मिंट पुन्हा टाकायची सोय. एवढी तयारी झाली की मग निर्धास्त हात चालव. बिघडव आणि दुरुस्त कर. विहिरीत उतरल्याशिवाय पोहणं येत नाही, आणि तुझ्या कमरेला आता दोर बांधलेला आहे. काय बिघडलं आणि कशानं सुधारलं, हे एका वहीत लिहीत जा. नोकरीच्या मुलाखतीत त्या वहीतलंच सांगायला उपयोगी पडेल.

शिकवायला कोणी नाही, असं तुला वाटत असेल. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प शोध. लिनक्स, लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं फुकट सॉफ्टवेअर), सी, पायथन यांचे छोटे छोटे धडे तिथं आहेत, अनेक धडे मराठी आवाजात आहेत, आणि फुकट आहेत. व्हिडिओ थांबवत थांबवत आपल्या मशीनवर तेच करून बघायचं, अशी त्यांची पद्धत आहे. ज्या गावात रेंज चांगली मिळते तिथं गेलीस की धडे उतरवून आण आणि घरी बघ.

मराठी टायपिंग आत्ताच बसवून टाक. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट मिळेल. हाच लेआउट विंडोजवरही आहे, त्यामुळे हात एकदा बसला की मशीन बदललं तरी अडत नाही. कॉलेजात कोणी कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल दिली तर तुझ्याकडे ती विचित्र इंग्रजी अक्षरांत दिसेल. दोष तुझ्या लॅपटॉपचा नाही, ती जुनी युनिकोड नसलेली फॉन्टची पद्धत आहे. प्रोजेक्ट देताना लिबरऑफिसमधून वर्डच्या डॉक्स (.docx) प्रकारात सेव्ह कर आणि सोबत पीडीएफही दे.

आता विंडोज कुठं लागेल, तेही स्पष्ट सांगतो. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, ऑटोकॅडही नाही. पुढे हिशेबाच्या किंवा ड्रॉइंगच्या कामाकडे वळायचं ठरवलंस तर विंडोज लागणारच. एमएस-सीआयटीचा सराव केंद्रावरच्या संगणकावर होतो. शासनाच्या टायपिंग परीक्षेला बसायचं असेल तर इन्स्टिट्यूट ज्या कीबोर्डवर शिकवते त्यावरच बोटं बसव. एक्सेल कॉलेजच्या लॅबमध्ये उघडून हात साफ करत राहा, कारण ऑफिसांत तेच विचारतात. नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या सीसीसी आणि ओ लेव्हल या संगणकाच्या परीक्षांकडे मात्र जरूर बघ. त्यांच्या अभ्यासक्रमात लिबरऑफिस आहे, ओ लेव्हलला पायथनही आहे, आणि राज्य शासनाच्या भरतीच्या अनेक जाहिरातींत एमएस-सीआयटीच्या जोडीला या परीक्षाही धरलेल्या असतात. नाव देण्याआधी ज्या पदासाठी अर्ज करशील त्याची जाहिरात वाचून घे.

एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम टाकायचा सल्ला कोणीतरी देईलच. पहिलं सेमिस्टर होईपर्यंत ते करू नकोस. एक चुकीचं बटण आणि अख्खी डिस्क कोरी होते.

भाऊ, शेवटी घरातलं थोडं. तुमच्याकडे वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो. त्याचे बारीक तंतू लॅपटॉपच्या पंख्यात जातात, जाळी बुजते आणि मशीन तापून बंद पडतं. कापसाच्या खोलीत लॅपटॉप ठेवू नका. बाजेवर, गादीवर ठेवून चालवला तर खालची हवा बंद होते, म्हणून पाटावर किंवा टेबलावर ठेवा. डीपीवर मोटारींचा लोड आला की व्होल्टेज खालीवर होतं, तेव्हा चार्जर चांगल्या स्पाइक गार्डमध्ये लावा, आणि विजा कडाडायला लागल्या की सरळ काढून टाका.

आणि तो लॅपटॉप तिचा आहे, हे घरात सगळ्यांना सांगा. सिनेमा बघायला भाऊ मागेल, फॉर्म भरायला शेजारी मागतील, पाहुणे आले की पोरांना गेम हवा असेल. तिच्या अभ्यासाची वेळ ठरवून द्या आणि त्या वेळात स्वयंपाकघरातून हाक मारू नका. कॉलेज सुरू व्हायला अजून थोडे दिवस हाताशी आहेत. तेवढ्यात बिल आणि बायोसचं काम उरकून घ्या, म्हणजे अमरावतीची दुसरी चक्कर सोयाबीनच्या गडबडीत पडणार नाही.