पॅथोफिजिओलॉजी पाठ करू नकोस, बाण काढ

पॅथोफिजिओलॉजी म्हणजे आजारात शरीराचं काम कसं बिघडतं याचा अभ्यास. म्हणून आजाराचं प्रकरण उघडण्याआधी त्या अवयवाची फिजिओलॉजी, म्हणजे त्याचं निरोगी अवस्थेतलं काम, पुन्हा वाच. निरोगी हृदय कसं चालतं हे पक्कं नसेल, तर हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तेव्हा) हाती फक्त लक्षणांची यादी उरते.

तेच उदाहरण घेऊ. हृदयाचं डावं व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) रक्त पुढे ढकलायला कमी पडलं की मागे फुप्फुसांत दाब वाढतो आणि द्रव अल्व्हिओलायमध्ये (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत) झिरपतो. म्हणून आडवं झोपलं की धाप लागते, म्हणून आपण पेशंटला टेकून बसवतो. उजवी बाजू थकली की मानेच्या शिरा फुगतात, पायांवर सूज येते. मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो तो किडनीचा. तिच्याकडे रक्त कमी पोहोचतं, तेव्हा शरीरातलं पाणीच घटलंय असं धरून ती रेनिन हे एन्झाइम सोडते. त्यातून सुरू होणाऱ्या साखळीत शेवटी सोडियम आणि पाणी साठतं, दमलेल्या हृदयावर आणखी भार पडतो. एवढं समजलं की रोज सकाळी वजन का करायचं, इनटेक-आउटपुट (किती द्रव आत गेला, किती बाहेर पडला) काटेकोर का लिहायचं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. फ्युरोसेमाइड (लघवीवाटे जादा पाणी काढणारं औषध, त्यासोबत पोटॅशियमही जातं) चालू असताना रक्तातलं पोटॅशियम 3.5 mEq/L च्या खाली जातंय का, हेही तू आपोआप बघशील.

वहीत कारणापासून लक्षणापर्यंत बाण काढ आणि प्रत्येक बाणाला ‘का?’ विचार. उत्तर अडलं, तिथेच वाच.

इन्फ्लमेशन (दाह) आणि शॉक (अवयवांना रक्तपुरवठा अपुरा पडणं) मात्र आधी कर, कारण पुढचे निम्मे आजार त्यांच्यावरच उभे आहेत. आणि वॉर्डात जो पेशंट तुझ्याकडे असेल, त्याचा आजार त्याच रात्री वाच.