चित्रांच्या गिरणीत यांना न्यावं का?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही मुलाकडे इंग्लंडमध्ये लीड्सला चाललो आहोत. जवळच्या एका जुन्या गिरणीत आता चित्रं लावली आहेत, ती बघाच, असं तो म्हणतो. आमचे हे परळच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. ८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये त्यांनी आजवर पाऊल टाकलेलं नाही. त्यांना तिथे न्यावं का?
– एक वाचक, काळाचौकी

उत्तर : ताई, जरूर न्या. माझे वडीलही साचाखात्यातलेच. २०१८ साली मी त्यांना भीत भीतच तिथे नेलं होतं.

ती सॉल्ट्स मिल. टायटस सॉल्ट यांनी १८५३ साली ब्रॅडफर्डजवळ ती उभारली. तिथे अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या लोकरीचं कापड निघायचं. कामगारांसाठी शेजारी दगडी घरांचं अख्खं गाव वसवलं, ते सॉल्टेअर. १९८६ मध्ये गिरणी बंद पडली. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डचेच उद्योजक जोनाथन सिल्व्हर यांनी ती घेतली आणि ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेले चित्रकार डेव्हिड हॉकनी यांची चित्रं तिथे लावली.

तळमजल्यावर शिरलं की लिलीच्या फुलांचा वास येतो. बाबांनी चित्रांकडे पाहिलंच नाही. बिडाच्या खांबावर तळहात ठेवून ते वर बघत राहिले. "शाफ्ट इथून फिरत असणार. पट्टे असे खाली." मग त्यांनी मला हातवारे करून दाखवले : धागा तुटला, जॉबरला (खात्यातल्या मुकादमाला) बोलाव, चहा आला. साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू यायचे नाहीत, म्हणून ही हातांची बोली. घरी इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी दाखवली नव्हती.

तिथल्याही कामगारांना गिरणीतलं काम परत मिळालं नाही, हे खरं. पण सिल्व्हर यांनी इमारतीचा मोठा भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्याला भाड्याने दिला, त्यामुळे चित्रांच्या शेजारी पाळ्या सुरू राहिल्या. आपल्याकडे १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते : मोकळी जागा, घरं आणि मालक. २००१ च्या बदलानंतर ती वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली, बाकीची मालकांकडेच राहिली. तुमच्या यजमानांचा राग मला पूर्ण पटतो.

लीड्सहून सॉल्टेअरला थेट गाडी आहे, स्टेशनाला लागूनच गिरणी. तिकीट नाही. चित्रांची घाई करू नका. त्यांना खांबापाशी हवं तेवढा वेळ उभं राहू द्या आणि विचारा, तुमचे साचे कुठल्या रांगेत होते?