‘शांतताकालीन शौर्य’ म्हणजे नेमकं कुठलं?

ऐरोलीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. प्रजासत्ताक दिनाला सोसायटीच्या आवारात फलक लावायचाय, त्यावर २६/११ च्या हल्ल्यात अशोकचक्र मिळालेल्यांची नावं आहेत. वर मथळा काय द्यायचा, यावरून कमिटीत दोन तट पडलेत. एका गटाला ‘शांतता पुरस्कार विजेते’ हवंय, दुसऱ्याला ‘युद्धेतर शौर्यपदक’. वर्तमानपत्रात तर ‘शांतताकालीन’ असतं. मग बरोबर काय?

ताई, ‘शांतता पुरस्कार’ आधी खोडा. मराठीत तो शब्द नोबेलनं केव्हाच अडवून ठेवलाय. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर, हातात लाठीपलीकडे काही नसताना, कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. म्हणून तो जिवंत सापडला. त्यांच्या नावावर ‘शांतता पुरस्कार’ लिहिलंत तर येणारा-जाणारा बुचकळ्यात पडेल.

‘शांतताकालीन’ हा शब्द रुळलेला आहे, त्यामुळे तो चूक म्हणता येत नाही. फसवा मात्र आहे, कारण त्यातला ‘काल’. वाचणाऱ्याला वाटतं, देशात युद्ध सुरू असेल तर एक पदक आणि नसेल तर दुसरं. नियमात काळाचा संबंधच नाही. तिथली कसोटी एवढीच, की शौर्य शत्रूच्या समोर गाजवलं की अन्य प्रसंगी. शत्रूसमोरच्या शौर्यासाठी परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र ही तीन पदकं २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली. शत्रूसमोर नसलेल्या शौर्यासाठी ४ जानेवारी १९५२ पासून अशोकचक्राची मालिका आली. दोन्ही १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली.

आता यातली गंमत बघा. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया १९६१ साली काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होते. मेजर रामस्वामी परमेश्वरन १९८७ साली श्रीलंकेत गेले तेही भारतीय शांतिसेनेतून. दोघांनाही परमवीरचक्र, मरणोत्तर. म्हणजे नावात शांती असलेल्या सेनेतल्या अधिकाऱ्यांना लढाईतलं सर्वोच्च पदक! आणि इकडे काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी रात्र रात्र चकमकी लढणाऱ्या जवानाला मिळतं ते बहुतेक वेळा अशोकचक्र, कीर्तिचक्र किंवा शौर्यचक्र. कुपवाड्यात २०१५ साली कामी आलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक यांना शौर्यचक्र मिळालं. त्या जंगलातल्या गोळीबाराला ‘शांतताकाल’ म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

दुसऱ्या गटाचं ‘युद्धेतर’ त्यापेक्षा बरं, पण तेही पुरतं बसत नाही. कारगिलला युद्धाची औपचारिक घोषणा कुठे झाली होती? गलवानमध्ये तर बंदुकाही चालल्या नव्हत्या, तरी कर्नल संतोष बाबू यांना महावीरचक्र मिळालं, कारण समोर शत्रूचं सैन्य होतं. उलट बाजूला अशोकचक्राचा पसारा केवढा! कराचीत विमान-अपहरणात प्रवाशांना वाचवताना गेलेली नीरजा भनोत आणि अंतराळात जाऊन आलेले राकेश शर्मा एकाच यादीत. शर्मांबरोबरच्या दोन्ही सोव्हिएत अंतराळवीरांनाही ते दिलं गेलं. हे सगळं एका विशेषणात कोंबायला गेलं की काहीतरी बाहेर राहतंच. म्हणून माझं मत विचाराल तर फलकावर विशेषण नकोच. ‘अशोकचक्राचे मानकरी’ पुरे.

‘विजेते’ का नको? तिथे कुणी स्पर्धेला उतरलं नव्हतं. ‘मानकरी’ हा आपला गावातला शब्द. पालखीचा, होळीचा मान ज्याचा, तो मानकरी. ‘अशोकचक्रप्राप्त’ चालेल, पण त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. ‘चक्रधारी’च्या वाटेला जाऊ नका, तिथे श्रीकृष्ण आधीच उभा आहे. हिंदीतलं ‘वीरता पुरस्कार’ही उचलू नका. आपण शूरपासून शौर्य करतो, तसं वीरपासून ‘वीर्य’ व्हायला हवं होतं, पण त्या शब्दाचं मराठीत पुढे काय झालं ते सांगायला नको. म्हणून सगळा भार ‘शौर्य’वर आला आणि घोळ झाला. ‘शौर्यपदक’ हे कुठल्याही वीरपदकाचं सर्वसाधारण नाव, पोलिसांचंही शौर्यपदक असतं, आणि ‘शौर्यचक्र’ हे मात्र एक विशिष्ट पदक. बातम्यांत यांची अदलाबदल सर्रास होते.

सोसायटीत कुणाच्या घरी जुनं मानपत्र असेल तर तेही नीट वाचा. १९६७ पर्यंत या तिन्ही पदकांना अशोकचक्र वर्ग १, वर्ग २, वर्ग ३ म्हणत. तेव्हाच्या कागदावर ‘अशोकचक्र, वर्ग ३’ असेल तर ते आजचं शौर्यचक्र. वर्ग २ म्हणजे कीर्तिचक्र.

लिहिताना ‘कीर्तिचक्र’ असंच, ‘ति’ ऱ्हस्व. सुटा शब्द ‘कीर्ती’, समासात पहिला आला की ‘कीर्ति’. ‘शांती’ पण ‘शांतिसेना’, तसंच. आणि शब्द जोडून. ‘परम वीर चक्र’ असे तीन तुकडे हे इंग्रजी पाटीचं अनुकरण. चक्र नपुंसकलिंगी, म्हणून ‘अशोकचक्र मिळालं’. ‘मिळाला’ म्हणायचं तर पुढे ‘पुरस्कार’ हवा.

नावाशेजारी फीत रंगवणार असाल तर ती हिरवी, मधे उभी नारिंगी रेघ. अशोकचक्राला एक, कीर्तिचक्राला दोन, शौर्यचक्राला तीन. रंगाऱ्याला आधीच बजावून ठेवा, नाहीतर शोभा वाढवायला तो हौसेनं जास्त रेघा मारेल आणि पदक खाली उतरेल.