स्रावी पुटिका: स्रवते, सोडते की फुटते?

बारावीच्या जीवशास्त्राची टिपणं मराठीत आणताना एका शिक्षिकेला प्रश्न पडला आहे: ‘सीक्रेटरी व्हेसिकल’ला, म्हणजे पेशीत बनलेलं द्रव्य बाहेर पोचवणाऱ्या सूक्ष्म पिशवीला, ‘उत्सर्जक पुटिका’ म्हणावं की ‘स्रावी पुटिका’? आणि ‘पुटिका पेशीच्या कडेला येऊन फुटते व स्राव बाहेर पडतो’ हे वाक्य चालेल का?

‘स्रावी पुटिका’च म्हणावं. ‘उत्सर्जन’ हा शब्द शाळेच्या पुस्तकांत मूत्रपिंडांच्या कामासाठी पक्का झाला आहे आणि वर्तमानपत्रांत तो कार्बनला चिकटला आहे. दोन्हीकडे नको असलेलं बाहेर टाकणं हाच अर्थ. स्रावी पुटिकेत टाकाऊ काही नसतं. पेशीनं मुद्दाम घडवलेलं आणि शरीरात दुसरीकडे कामी येणारं द्रव्य त्यात असतं: लाळेतली विकरं (एन्झाइम), इन्सुलिन, अ‍ॅड्रेनलिन, दुधातली प्रथिनं. ‘पुटिका’ही चपखल आहे. ‘पुट’ म्हणजे पोकळी, खोलगट जागा (नाकपुडीला ‘नासापुट’ म्हणतात ते यावरूनच), आणि पुटिका म्हणजे तसली बारीकशी पोकळी.

‘फुटते’ मात्र काढून टाका. या एका क्रियापदानं जीवशास्त्रच बिघडतं. पुटिकेला मेदाचं दुपदरी आवरण असतं आणि पेशीच्या प्रद्रव्यपटलाची (पेशीला वेढणाऱ्या आवरणाची) घडणही तशीच असते. पुटिका कडेला आली की दोन्ही आवरणं भिडतात आणि आमटीवरचे तेलाचे दोन थेंब मिळून जावेत तशी एक होतात. तिचं तोंड बाहेरच्या बाजूला उघडतं, आतलं द्रव्य पेशीबाहेर जातं आणि आवरण पटलात मिसळतं. पेशीच्या आत काहीच सांडत नाही, आणि सांडून चालणारही नाही. स्वादुपिंडाच्या पेशींतल्या पुटिकांत प्रथिनं पचवणाऱ्या विकरांचा साठा असतो. तो तिथे निष्क्रिय रूपात ठेवलेला असतो. ट्रिप्सिनोजेनचं ट्रिप्सिन व्हायचं ते लहान आतड्यात पोचल्यावर. हीच विकरं स्वादुपिंडातच जागी झाली तर ती त्या अवयवालाच पचवू लागतात आणि तीव्र दाह होतो. तेव्हा ‘पुटिका प्रद्रव्यपटलात विलीन होऊन बाहेर उघडते’ असं लिहा. वाक्य थोडं लांबतं, पण विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे खरं चित्र उभं राहतं.

द्रव्याचा पेशीतला हा प्रवास जॉर्ज पॅलाडे आणि जेम्स जेमीसन यांनी १९६०च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांवर दाखवला. किरणोत्सारी अमिनो आम्ल जेमतेम ३ मिनिटं द्यायचं आणि नंतर ते कुठे कुठे पोचतं ते पाहायचं. खूण आधी आंतर्द्रव्यजालिकेत (जिथे ही प्रथिनं बनतात) दिसली, मग गॉल्जी पिंडाच्या (जिथे ती पुटिकांत भरली जातात) आसपास आणि सुमारे २ तासांनी साठ्याच्या पुटिकांत. पॅलाडे यांना १९७४चं नोबेल मिळालं. पुटिका नेमक्या जागी पोचून विलीन कशा होतात, हे उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि सुडोफ यांना ते २०१३मध्ये मिळालं.

आता न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: पेशी द्रव्य ‘स्रवते’ की ‘सोडते’? मराठीत स्रवणं हे पाझरण्याच्या जवळचं. त्यात सातत्य आहे, कुणाच्या इशाऱ्याची वाट पाहणं नाही. काही पुटिका खरोखरच अशा असतात: तयार झाल्या, कडेला गेल्या, मिसळल्या. दुसऱ्या मात्र भरून तयार राहतात आणि इशारा आला की मगच उघडतात. त्यांना ‘स्रवते’ अपुरं पडतं.

हा फरक गोठ्यातल्या मराठीत आधीपासून आहे. गाय पान्हा ‘सोडते’. कासेत दूध तयार होण्याचं काम एका धारेपासून दुसरीपर्यंत चालूच असतं. दूधपेशींतल्या स्रावी पुटिकांत केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) आणि कॅल्शियमचे सूक्ष्म पुंजके बनतात. दुग्धशर्कराही गॉल्जीतच घडते. तिला आवरणातून निसटता येत नाही, म्हणून ती पाणी आत ओढून घेते. दुधातल्या पाण्याचा मोठा भाग असा पुटिकांतून येतो. (साय मात्र या वाटेनं येत नाही. मेदाचे गोलक प्रद्रव्यपटलाचंच पांघरूण घेऊन पेशीबाहेर पडतात. तिथे ‘स्रावी पुटिका’ लिहू नये.) इथवर ‘स्रवणं’ ठीक.

पण वासरू सडाला लागेपर्यंत, किंवा धार काढणारा सड धुऊन चोळेपर्यंत, हे दूध बरंचसं वरच अडून असतं. सडाचा स्पर्श मज्जातंतूंतून मेंदूत पोचतो. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात बनलेल्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या पुटिका पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात, चेतातंतूंच्या टोकांशी साठलेल्या असतात. संदेश येतो, कॅल्शियम आत शिरतं, पुटिका विलीन होतात आणि ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं. मिनिटभरात कासेतल्या कूपिकांभोवतीच्या (दूध बनवणाऱ्या बारीक पिशव्यांभोवतीच्या) पेशी आकुंचन पावतात आणि दूध सडात उतरतं. गाय भेदरली, माणूस किंवा जागा परकी वाटली, तर ऑक्सिटोसिन नीट सुटत नाही. शिवाय मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या पुटिकांमधून सुटलेलं अ‍ॅड्रेनलिन पान्ह्याच्या आड येतं. यालाच आपण गाय पान्हा ‘चोरते’ म्हणतो. दूध कासेत आहे, पण सुटत नाही, हे निरीक्षण त्या शब्दात नेमकं पकडलं आहे.

म्हणून इशाऱ्यावर उघडणाऱ्या पुटिकांसाठी ‘सोडणे’ वापरावं, असं माझं ठाम मत आहे. ‘जेवणानंतर रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात’ हे ‘इन्सुलिन स्रवतात’पेक्षा नैसर्गिकही आहे आणि अचूकही. या पुटिकांना डॉक्टरी लेखनात ‘ग्रॅन्यूल’ म्हणतात, कारण आतलं इन्सुलिन जस्तासोबत स्फटिकासारखं घट्ट बसलेलं असतं. तिथे ‘कणिका’ चालेल, पण ती स्रावी पुटिकाच, हे टिपणात एकदा सांगून टाका. नाहीतर मुलं दोन वेगळ्या वस्तू समजतील. मोठ्या प्रोइन्सुलिनचे तुकडे होऊन इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड वेगळे होतात तेही याच पुटिकेत, आणि दोन्ही बरोबरच बाहेर येतात. इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाचं स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय हे सी-पेप्टाइडच्या तपासणीवरून कळतं, ते यामुळेच.

शेवटी शुद्धलेखन. टिपणांत काही ठिकाणी ‘स्त्राव’ झालं आहे. मूळ धातू ‘स्रु’, त्यात ‘त’ नाही. स्रोत आणि सहस्र यांतही नाही. रक्तस्राव, अंतःस्रावी ग्रंथी, स्रावी पुटिका हे सगळे ‘स्र’नेच लिहायचे.