रोख्याचा परतावा आणि शेअरचे मोल

प्रश्न : रिझर्व्ह बँकेने जून २०२५मध्ये रेपो दर अर्ध्या टक्क्याने कमी केला, तरी दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा दर पुढच्या काही आठवड्यांत उतरण्याऐवजी चढला. हा दर नेमके कोण ठरवते? आणि तो चढला की शेअर बाजार महाग झाला, असे का म्हणतात?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : मुदत ठेवीचा दर बँक ठरवून जाहीर करते, तसा दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा दर कोणीही जाहीर करत नाही. रेपो हा रिझर्व्ह बँकेकडून बँकांना मिळणाऱ्या अल्पमुदतीच्या उसनवारीचा दर आहे. दहा वर्षांचा दर मात्र रोख्याच्या किमतीतून निघतो. रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीने, साधारणतः शुक्रवारी, रोख्यांचा लिलाव करते. त्यात बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी बोली लावतात. सर्वांत कमी परतावा मागणाऱ्यापासून बोली स्वीकारत जातात आणि सरकारला हवी असलेली रक्कम जिथे पूर्ण होते, तिथे कट-ऑफ दर ठरतो. त्यानंतर हाच रोखा बाजारात रोज हात बदलत राहतो.

शंभर रुपये दर्शनी किमतीचा, ७ टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा घ्या. दर सहा महिन्यांना साडेतीन रुपये आणि शेवटी शंभर रुपये, हे सरकारचे देणे बदलत नाही. उद्या खरेदीदार ८ टक्के परतावा मागू लागले, तर ते या रोख्याला सुमारे ९३ रुपये २० पैसेच देतील. किंमत उतरते तेव्हा परतावा चढतो, तो असा.

जूनमध्ये नेमके हेच घडले. दर कमी करतानाच रिझर्व्ह बँकेने धोरणाचा पवित्रा उदार, म्हणजे दरकपातीकडे झुकलेला, न ठेवता तटस्थ केला आणि यापुढे कपातीला फारसा वाव नाही, असेही सूचित केले. कपातीच्या आशेने आधीच चढ्या भावाने घेतलेले रोखे मग विकले जाऊ लागले. दहा वर्षांसाठी पैसे अडकवणारा माणूस आजच्या रेपोपेक्षा पुढील महागाईचा आणि सरकार किती कर्ज काढणार याचा अंदाज अधिक पाहतो, आणि ते योग्यच आहे.

आता शेअरकडे वळू. शेअरचे मोल म्हणजे कंपनीकडून पुढे मिळणाऱ्या पैशांचे आजचे मूल्य. सरकारी रोख्यात बुडण्याची भीती जवळजवळ नसल्याने गुंतवणूकदार आधी त्याचा दर धरतो आणि त्यावर जोखमीची भर घालतो. एखादी कंपनी पुढील वर्षी शेअरमागे १० रुपये लाभांश देईल आणि तो दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढत राहील, असे समजू. रोख्याचे ७ टक्के आणि जोखमीचे ५, असा एकूण १२ टक्के परतावा अपेक्षित असेल, तर त्यातून वाढीचे ८ टक्के वजा करून उरलेल्या ४ टक्क्यांनी १० रुपयांना भागायचे, म्हणजे २५० रुपये हे त्या शेअरचे मोल. रोख्याचा दर ८ झाला तर भाजक ५ टक्के होतो आणि मोल २०० रुपयांवर येते. कंपनीच्या कारखान्यात काहीही बिघडलेले नसताना एक पंचमांश मोल गेले! भाव २५०वरच राहिला, तर तो शेअर महाग ठरतो. आपण ऐकलेल्या विधानाचा अर्थ हा.

मूल्यांकन मोजताना बहुतेक जण भाव आणि नफा यांचे गुणोत्तर, म्हणजे पी/ई, पाहतात. ते २२ असेल तर शंभर रुपयांमागे नफा साडेचार रुपयांच्या आसपास, म्हणजे रोख्याहून कमी. तरी लोक शेअर घेतात, कारण नफा वाढू शकतो, रोख्याचे व्याज वाढत नाही. मात्र या एका आकड्यावर विसंबू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. २०२१मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टीचे पी/ई काढताना मूळ कंपनीऐवजी उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली, तेव्हा सुमारे ४०चा आकडा ३३च्या जवळ आला. शेअर होते तेच होते.

आपण स्वतः रोखे घेण्याचा विचार करत असाल, तर रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून किमान १०,००० रुपयांपासून ते घेता येतात. मुदतपूर्तीपर्यंत ठेवल्यास ठरलेले व्याज आणि दर्शनी किंमत पूर्ण मिळते. मधल्या काळात भाव उतरल्याचा फटका ज्याला मधेच विकावे लागते, त्यालाच बसतो.