मधमाश्या आणि गांधीलमाश्यांचे जवळून फोटो काढायचेत. कॅमेरा कुठला घ्यावा, आणि त्या चावत नाहीत का?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात नवीनच राहायला आला आहात, गॅलरीत कुंड्या आहेत, तिथे येणाऱ्या माश्यांचे फोटो काढायची हौस आहे पण चावण्याची भीती वाटते. आणि शेवटी जाता जाता विचारलंय, 'खिडकीला कुंभारणीनं मातीचं घर केलंय, ते पाडून टाकू का?'

पाडू नका. कुंभारीण म्हणजे मातीचं घर करणारी, एकटी राहणारी गांधीलमाशी. कॅमेऱ्याचं मग बघू.

माझं माहेरही बडोद्यातच, दांडिया बाजारात, जुन्या वाड्यात. २०२१ च्या मे महिन्यात ऑफिस घरूनच चालू होतं, मी माळ्यावरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसायचे. त्या खोलीच्या एका तावदानावर, बाहेरच्या अंगानं, ६ मेला कुंभारीण घर बांधायला लागली. काचेवर! एरवी ती भिंत, चौकट, विजेच्या मीटरची पेटी असलं काहीतरी धरते. उजेड अडेल म्हणून मी झाडू घेऊन उठलेसुद्धा होते. तेवढ्यात काका आठवले.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. एकादशीला देवळात प्रवचन करतात आणि कीटकभृंग न्याय हा त्यांचा लाडका दृष्टान्त. भृंग, म्हणजे हीच कुंभारीण, अळीला उचलून आणतो, मातीच्या घरात कोंडतो, बाहेरून गुणगुणतो, अळी भीतीनं रात्रंदिवस त्याचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता भृंग होऊनच बाहेर पडते. शिष्यानं गुरूचं ध्यान असं करावं. मी आठवीत असताना भर प्रवचनात म्हटलं होतं, "काका, ती अळी भृंग होत नाही, भृंगाचं पोर तिला खातं." हशा पिकला. काका शांतपणे म्हणाले, "तू आत जाऊन पाहिलंस का गं?" पुन्हा हशा, या वेळी मोठा. त्याला वीसएक वर्षं झाली. दिवाळीला, लग्नामुंजीत, कुठंही मी जरा शहाणपणाचं बोलले की घरातलं कुणीतरी म्हणणारच, आत जाऊन पाहिलंस का?

आता काचेतून आतलं दिसणार होतं. झाडू ठेवला.

बांधकाम तिनं असं केलं. आमच्या तुळशीच्या कुंडीतली कोरडी माती घेतली, ओली नाही. पोटातून आणलेलं पाणी मातीवर ओकायची, जबड्यानं कालवायची आणि मुगाएवढी गोळी हनुवटीखाली धरून उडायची. गोळी काठाला लावताना मागे मागे सरकत जायची आणि दोन्ही मिशा, एक आतून एक बाहेरून, सारख्या काठावर थापटत असायच्या, जाडी मोजावी तशा. ओली पट्टी गडद, वाळलेली फिकी, त्यामुळे मडक्याच्या वळ्या मोजता येत होत्या. दुपारपर्यंत बोराएवढं मडकं तयार, वर सुरईसारखी बाहेर वळलेली मान. काचेलाही आतून मातीचा पातळ हात दिलेला होता, पण मधे नखाएवढी जागा कोरी राहिली. मला तेवढी पुरली.

आधी अंडं, मग शिदोरी. पोटाचं टोक आत घालून तिनं छताला अंडं टांगलं, केसासारख्या धाग्यानं, पाळणा टांगावा तसं. मग हिरव्या अळ्या आणायला लागली. आठ मोजल्या. नांगी मारून लुळ्या केलेल्या, पण जिवंत. एखादी मधूनच अंग आखडायची. मग तोंड लिंपलं आणि शेजारी दुसरं मडकं सुरू. (मातीचं घर करणारी आणखी एक असते, काळी-पिवळी, कमरेच्या जागी नुसती काडी. ती डबक्याकाठचा ओला चिखल उचलते आणि घरात अळ्या नाही, कोळी भरते. लोक दोघींनाही कुंभारीणच म्हणतात.)

तिसऱ्या दिवशी अंडं फुटलं. पोर धाग्याला लोंबकळतच सगळ्यांत जवळच्या अळीला चिकटलं आणि अळी फुग्यातली हवा जावी तशी बसत गेली. दोन दिवसांनी पुढची. हे फोटो मी जुन्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची साधी लेन्स उलटी लावून काढले. काचेत स्वतःचंच तोंड दिसतं म्हणून लेन्सभोवती आईचा काळा परकर गुंडाळला, उजेडाला बाजूनं टॉर्च. इतक्या जवळून मिलिमीटरभर जागाच काय ती स्पष्ट येते. तेव्हा ठरवावं लागतं, धागा हवा की अळीचं डोकं. दोन्ही मिळत नाही.

१८ मेला तौक्ते वादळाचा पाऊस आला. मातीचं घर, वर छज्जा नाही. मी प्लॅस्टिकचा कागद घेऊन खिडकीशी झटापट करत होते तेव्हा काकाच जिना चढून आले, वय ७६, हातात सुतळी. "आतला साधक भिजायला नको," म्हणाले. दोघांनी मिळून बांधलं.

१ जूनला सकाळी मडक्याच्या भिंतीवर आतून एक ओला डाग उमटला. आतली थुंकीनं माती भिजवून कुरतडत होती. गोल भोक पडलं, एक मिशी बाहेर आली, मग अर्धं डोकं. चार फोटो हलले, एक चांगला आला. मी लॅपटॉपसकट खाली. अंडं, अळ्या, पोर, रिकाम्या कातड्या, कोश, मिशी, सगळं तारखेवार लावलेलं. काकांनी चष्मा पुसला, एकेक फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "म्हणजे शेवटी अळीचाच भृंग झाला की."

"खाल्लं तिला, काका!"

"तेच म्हणतोय. तिचं म्हणून काही शिल्लक राहिलंय का बघ."

मी वर निघून आले.

असो, तुमचा प्रश्न. कॅमेरा कुठला हे लोक आधी विचारतात आणि माशी नंतर शोधतात. उलट करा. फोनला चिमट्यानं लावायचं मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचं, भिंग आणा आणि महिनाभर गॅलरीतलीच माशी बघा. त्यानंतरही हौस टिकली तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्या. अगदी जवळून काढताना तीही वीतभर अंतर ठेवत नाही, आणि ५०-६० ची तर माशीच्या मिशीला टेकते. ॲपर्चर एफ ११, शटर १/२०० सेकंद, फ्लॅश, फ्लॅशपुढे बटर पेपर, एवढ्यावर माझं काम भागतं. फोटोग्राफीच्या ग्रुपांवर लेन्सवरून भांडणं चालतात आणि मधमाशी म्हणून टाकलेल्या फोटोत फूलमाशी निघते. पंख दोनच, मिशा आखूड, डोळ्यांनी सगळं डोकं व्यापलेलं : ती माशी, मधमाशी नव्हे. मधमाशीला चार पंख असतात आणि अंगावर लव असते. गांधीलमाशी तेल लावल्यासारखी गुळगुळीत.

कुठे बघायच्या? रसाच्या लारीवर चिपाडांच्या ढिगाशी उभे राहा. पोटाची सुरुवात तांबूस असलेली इवलीशी मधमाशी ती फुलोरी. ती फांदीभोवती तळहाताएवढं एकच पोळं करते. सातेरी ही दुसरी मधमाशी, ती ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत. खंडेराव मार्केटात झेंडूच्या ढिगांवर सकाळी पुष्कळ काही मिळतं, फक्त फूलवाल्याला आधी विचारा. रुईच्या फुलांवर भुंगे येतात, काळेभोर, पंखांवर निळी झाक. ते वाळक्या लाकडात आणि बांबूत भोक पाडून राहतात. गुलाबाच्या पानांना गोल गोल कापे दिसले तर कीड म्हणून फवारू नका, पानकापी माशी आहे. ती पराग पायांवर नाही, पोटाखाली भरून नेते.

पण माझी सगळ्यात आवडती निळ्या पट्ट्यांची माशी. ती दिवसा कॅमेऱ्यात सापडत नाही, फुलापुढे क्षणभर तरंगते आणि गेली. मात्र संध्याकाळी हिचे नर वाळक्या काडीला जबड्यानं धरून, पाय पोटाशी घेऊन झोपतात, एकाखाली एक, कधी पाच-सहा. कमाटीबागेत पहाटे फिरणारे लोक हात हलवत शेजारून जातात, कुणाला पत्ता नसतो. ऊन लागेपर्यंत ते हलत नाहीत, तेवढा वेळ तुमचा. काडी मात्र हलवू नका. वांग्या-टोमॅटोची झाडं असतील तर दिवसा ही तिथं येईल. फूल धरून थरथरवते, मग पराग झडतो. साध्या मधमाश्यांना ते जमत नाही.

चावण्याचं म्हणाल तर नरांना नांगीच नसते, आणि कुंभारीण, पानकापी, निळी या एकट्या राहणाऱ्या, हातात पकडल्याशिवाय सहसा काही करत नाहीत. आग्या मोहोळ वेगळं. उंच टाकीखाली किंवा झाडाला लटकलेलं दिसलं की खालूनच नमस्कार करा, तिथे फ्लॅश नाही, शौर्य नाही. गांधीलमाश्यांच्या कागदी पोळ्याजवळ गेल्यावर त्या पंख उचलून तुमच्याकडे तोंड करून थांबल्या तर तुम्हीही थांबा आणि मागे या.

काकांचं राहिलं. गेल्या गुरुपौर्णिमेला कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला : 'सुप्रभात. गुरुध्यानाचा महिमा.' वर माझा तोच फोटो, एक मिशी आणि अर्धं डोकं. कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं.

ता. क. मधमाशीची नांगी कातडीत राहते आणि विष सोडत राहते, तेव्हा कशानंही का होईना, ताबडतोब खरवडून काढा. गांधीलमाशीची राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा मारू शकते. चावल्यावर घसा आवळला, दम लागला, अंगभर गांधी उठल्या तर फोटो सोडून थेट दवाखाना. आधी कधी असं झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या भानगडीत पडूच नका, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. आणि तुमच्या खिडकीतल्या घराला गोल भोक पडलंय का ते बघा. पडलं असेल तर आतली गेली, मग ओल्या फडक्यानं माती सुटते. आमचं मी अजून काढलेलं नाही. त्यातल्या एका मडक्यात सध्या पानकापी गुलाबाची पानं भरतेय.